जगदाळ्यांना देव डावी देत न्हाई

मानसिंग जगदाळेला हाटेलात नेऊ नये. नेलंच तर त्याच्यापुढं मेन्यूकार्ड ठेवू नये. वेटर येऊन "काय आणू?" म्हणाला, की हा माणूस कार्ड उलटं करतो, सुलटं करतो, शेजारच्या टेबलावर कोण काय खातंय ते बघतो, मानेवरचा घाम पुसतो आणि शेवटी बायकोकडं बोट करून म्हणतो, "हिनं सांगितलंय तेच." बायको दीपमाला चारचौघांत सांगते, "लडाखच्या बर्फात ट्रक घातला म्हणं ह्यांनी. पण भेंडी करू का गवार, एवढं इचारलं तर तोंड असं करत्यात, जणू दुश्मनानं कोंडलंय."

माणूस वाईट नाही. फौजेतनं हवालदार म्हणून सुटून आला त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून तांबडं फुटायच्या आत उठतो, पांघरुणाची चौकोनी घडी घालतो आणि तिच्या कडा अंगठ्यानं दाबत बसतो. कुंडलच्या शिवारात थोरला भाऊ जयराज ऊस बघतो, हा पिकअप चालवतो. बेदाणा, द्राक्षं, कधी रोपं. गिऱ्हाईक सांगेल तिथं माल टाकायचा, सांगेल त्या वाटेनं जायचं. या धंद्यात त्याचं बरं चाललं होतं.

मग पौष संपता संपता त्याच्या डोक्यात तो दिवा शिरला आणि माणूस जागच्या जागी बसेना झाला.

जगदाळे मूळचे कुंडलचे नव्हेत. म्हसवडच्या अलीकडं धुळवाडी म्हणून एक कोरडंठाक गाव आहे, तिथले. बहात्तरच्या दुष्काळात मानसिंगचे वडील आण्णा, बायको राहीबाई आणि तान्हा जयराज, एवढी बैलगाडीत घालून पाण्याच्या वासानं इकडं आले आणि इथंच रुजले. देव मात्र तिकडंच राहिला. धुळवाडीचा भैरोबा. घरात काही मोठं ठरवायचं झालं की आजही गाडी धुळवाडीला जाते आणि कौल लागतो. गुरव शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. घरातलं वडीलधारं माणूस देवाला प्रश्न घालतं. उजवी पाकळी आधी गळली तर देव हो म्हणाला, डावी गळली तर नको म्हणाला. त्यात एक नियम कडक आहे. ज्याचा प्रश्न, त्यानं तोंड उघडायचं नाही. त्यानं डोक्यावरनं अंघोळ करून, ओल्या केसांनी, हात जोडून नुसतं उभं राहायचं.

आणि जगदाळ्यांची पिढीजात फुशारकी अशी, की "आमाला देवानं कवा डावी दिली न्हाई." जयराजचं लग्न, उजवी. कुंडलची जमीन, उजवी. थोरली बहीण मनुबाई शिराळ्याला दिली, उजवी. मानसिंगला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याला फौजेत धाडायचं ठरलं, तीही उजवी. पुढं मनुबाईचा नवरा हात उचलायला लागला आणि ती दोनदा माहेरी रडत आली, तेव्हा आण्णांनी तिला आपल्या हातानं परत एसटीत बसवली. म्हणाले, "देवानं उजवी दिल्याली पोरगी मी माघारी कशी ठिवून घिऊ?"

आता पाळी शिवांजलीची होती. मानसिंगची एकुलती एक लेक. बीएस्सी झाली, पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळायची, आणि निमलष्करी दलाच्या भरतीत निवडली गेली होती. ट्रेनिंगला राजस्थानात जायचं होतं. त्याच आठवड्यात विट्याचं एक स्थळ चालून आलं. माणसं चांगली, बागायत चांगली, मुलगा निर्व्यसनी. राहीबाईनं एका वाक्यात मिटवलं. "रविवारी धुळवाडीला जाऊ. देव सांगंल."

त्या कौलाचं सांगून ठेवायला मानसिंग धुळवाडीला गेला होता. ज्ञानू गुरव बाजारला गेलेला. त्याचा मुलगा साईराज, जो पंचक्रोशीत वायरिंगची कामं करतो आणि दोन लेकरांचा बाप आहे, तो देवळात स्टुलावर चढून बल्ब बदलत होता.

"रविवारी कौल हाय आमचा," मानसिंग म्हणाला. "पोरीचा."

"उजवी मिळंल काका. काळजी करू नगा."

"तुला रं काय म्हाईत?"

साईराज स्टुलावरनं उतरला. देवाच्या उजव्या अंगाला भिंतीत कोनाडा आहे आणि त्यात नंदादीप तेवतो, पिढ्यान्‌पिढ्या. साईराजनं त्या दिव्यावर तळहात धरला. "इथं हात लावा. गरम हाय का? ह्या बाजूची पाकळी आधी वाळती. वाळली की पडती. डावीला बिचारीला गारठ्यात बसायला लागतंय." मग हसून म्हणाला, "म्हाताऱ्याला सांगू नगा. मला देवळातनं काढंल. आन आमी काय मुद्दाम ठिवलेला न्हाई दिवा, कोनाडाच तिथं हाय."

मानसिंगनं तळहात कोनाड्यापाशी धरला. गरम होता.

परतीच्या वाटेवर त्यानं पिकअप दोनदा बाजूला घेतली. एकदा मायणीजवळ, एकदा विट्याच्या अलीकडं. कारण काही नव्हतं. उतरला, टायरला लाथा मारल्या, परत बसला. म्हणजे बर्फ, ट्रक, जम्मूतली ती रात्र जेव्हा पुढची गाडी दरीत गेली आणि आपली वाचली, पोरीचं बारसं चुकलं ते, बापाच्या मातीला पोचलो नाही ते, हे सगळं एका कोनाड्यानं ठरवलं. कुठल्यातरी गवंड्यानं शेपाचशे वर्षांपूर्वी कोनाडा डावीकडं पाडला असता तर आज जयराजच्या जागी आपण उसाला पाणी पाजत असतो. आणि मनुबाई? मनुबाईचं नाव डोक्यात आलं तसा त्यानं गिअर असा टाकला की गाडी ओरडली.

दुसऱ्या दिवशी आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मानसिंग तिच्यापुढं उकिडवा बसला, उठला, परत बसला.

"आये, मला फौजेत धाडलं तवा देवाला नक्की काय इचारलं गं?"

"हेच की. मानसिंगाला मिलट्रीत धाडू का."

"आन उलटं का न्हाई इचारलं? घरी ठिवू का म्हणून?"

"तुला घरी ठिवायचं असतं तर तसं इचारलं असतं." राहीबाईनं शेंग उकलली आणि दाणे सुपात टाकले.

"म्हंजे ठरलंच व्हतं."

"ठरल्याबिगर देवाकडं कोण जातं? देवाला काय रिकामपण आलंय?"

मानसिंगनं सुपातला एक दाणा उचलला, परत टाकला. "मला कुणी इचारलं व्हतं?"

"काय म्हणला असतास तू?"

आणि इथंच तो अडकला. आठवायचा लाख प्रयत्न केला. ओले केस आठवत होते, गाभाऱ्याची गार फरशी आठवत होती, तेलाचा वास आठवत होता. आपल्याला काय हवं होतं, ते काही केल्या आठवेना. जणू तिथं कुणी उभंच नव्हतं, नुसती अंघोळ केलेली विजार उभी होती.

"तुला टरक आवडायचा," राहीबाई आपणहून म्हणाली. "रस्त्यानं टरक गेला की जेवण टाकून पळायचास."

"का आवडायचा मला टरक?"

"आता ते मी काय सांगू गड्या. आण्णांनी लाकडाचा करून दिल्ता एक, बाभळीचा. त्यानं आसंल."

मानसिंग उठला आणि काही कारण नसताना पिकअप धुवायला घेतली. आदल्या दिवशीच धुतली होती. पाणी मारता मारता त्याला वाटत होतं, कोनाडा परवडला. कोनाडा निदान भिंतीत आहे, बोट ठेवून दाखवता येतो. हा बाभळीचा ट्रक कुठं शोधायचा? आणि शिवांजलीच्या हातात आपण काय काय दिलं? पोरगी मांडीएवढी होती तेव्हापासून तिला कारगिलच्या वाटेच्या गोष्टी सांगितल्या. सुट्टीवर आलो की तिच्या डोक्यावर आपली फौजेतली बेरे टोपी घातली, फोटो काढले. आता ती म्हणते मला वर्दी पाहिजे. ती म्हणते, का तिच्या तोंडातनं आपणच म्हणतोय?

रविवारच्या आदल्या दिवशी शिवांजलीला घेऊन तो पलूसला गेला, बूट घ्यायला म्हणून. बूट घेतले नाहीत. बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि तिला दिव्याचं सगळं सांगून टाकलं. पोरगी आधी हसली, मग थांबली.

"म्हंजे जो प्रश्न घालील त्याचंच खरं?"

"व्हय."

"मग तुमी घाला की प्रश्न. जाऊ का म्हणून."

"वडीलधारं हाय तवर आईच घालणार. आन मी घातला तरी..." मानसिंगनं कप खाली ठेवला, परत उचलला. "तर ते माझंच झालं ना. आण्णांनी माझं केलं, मी तुझं करायचं. तुला खरंच जायचंय का, शिवा?"

"किती वेळा सांगू?"

"तसं न्हाई. का जायचंय? मी त्या गोष्टी सांगितल्या म्हणून? टोपी घातली म्हणून? मी जर एसटीत कंडक्टर असतो तर तू आज तिकिटं फाडायला निघाली असतीस का?"

शिवांजलीनं कप बाजूला सारला. चिडली असावी, पण तिनं आवाज चढवला नाही.

"असंल तुमच्यामुळं. मग? भाकरी मला आज्जीनं शिकवली. म्हणून मी आज्जीच्या हातानं थापते का? तव्याचा चटका कुणाला बसतो?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? साक्षीला बी तुमीच टोपी घालायचा." साक्षी म्हणजे जयराजची मुलगी. "तिनं सगळ्या गोष्टी ऐकल्या, माझ्याशेजारी बसून. ती पार्लर काढणार हाय इस्लामपुरात."

मानसिंगनं उरलेला चहा एका घोटात संपवला. जीव काही थंड झाला नाही. तो म्हणाला, "उद्या आई घरात ठिवायचं इचारणार. उजवी पडणार. मग काय करशील?"

"उद्याचं उद्या," शिवांजली म्हणाली. चहाचे पैसे तिनंच दिले. बापाचा हात खिशात नुसताच फिरत होता.

रविवारी दोन गाड्या धुळवाडीला पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. शिवांजली देवळामागच्या हौदावर डोक्यावरनं पाणी घेऊन आली आणि ओल्या केसांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिली. ज्ञानू गुरवानं पाकळ्या बुडवल्या. त्याच्या बोटांना कंप होता, पण पाकळ्या खांद्यांवर बरोबर बसल्या. राहीबाईनं पदर डोक्यावर ओढला.

"भैरोबा, आमच्या लेकरांवर नजर हाय तुझी. पोरगी घरात ऱ्हावी, विट्याला नांदावी, असं आमच्या मनात हाय. तुझ्या मनात आसंल तर उजवी दे."

दीपमालानं डोळे मिटले. जयराज मागं हात बांधून उभा होता. सगळ्यांची नजर पाकळीवर होती, फक्त मानसिंगची दिव्यावर. तो कोनाड्यापासून हातभर अंतरावर उभा होता. दोन बोटं पुढं केली आणि वात चिमटली की झालं. कुणी म्हणेल वारं आलं. त्याचा उजवा हात जोडलेल्या हातातनं सुटला, कमरेपर्यंत आला. आणि थांबला. विझवला आणि डावी पडली तर पोरगी राजस्थानला जाईल, आणि आयुष्यभर सांगत राहील की देवानं पाठवलं. पाठवलेलं असेल बापाच्या दोन बोटांनी. न विझवावा तर ती विट्याला जाईल, आणि तिला पाठवलेलं असेल कोनाड्यानं. तो तसाच अर्धा हात उचलून उभा राहिला. न सावधान, न विश्राम. फौजेत असा उभा राहिला असता तर शिक्षा झाली असती.

उजवी पाकळी सुकत सुकत एका कडेनं सुटली, क्षणभर लोंबली आणि देवाच्या पायाशी पडली.

"उजवी," ज्ञानू गुरव म्हणाला.

राहीबाईनं बोटं कानशिलावर मोडली. जयराज नारळ उचलायला वाकला. शिवांजलीनं देवाला वाकून नमस्कार केला, सावकाश, नीट, आणि उठून म्हणाली, "आज्जी, देवाचं ऐकलं मी. पण मी जाणार हाय."

आवाज मोठा नव्हता, पण गाभारा दगडाचा. जयराजचा नारळ हातातच राहिला.

"काय म्हणली ही?" त्यानं मानसिंगला विचारलं, पोरीला नाही. "तुझी लेक काय म्हणती, ऐकलंस का?"

सगळे मानसिंगकडं बघायला लागले. आई, बायको, भाऊ, गुरव. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पूर्वी काही अडलं की माणसं देवाकडं बघत आणि देव काय ते सांगे. आता देवाचं सांगून झालं होतं. त्यानं दीपमालाकडं बघितलं, सवयीनं. तिचे डोळे उघडे होते, पण आज तिनं काही खुणावलं नाही. दिव्याचं सांगावं, असं जिभेवर आलं. सांगितलं की सुटलो. दोष कोनाड्याचा, ना पोरीचा ना आपला. त्यानं शिवांजलीकडं बघितलं. तिनं अगदी बारीक मान हलवली. नको.

"ती जाणार हाय," मानसिंग म्हणाला. मग आपलाच आवाज ऐकून जरा दचकला आणि पुन्हा म्हणाला, "रेल्वेत बसवायला मी जातो."

"आन विट्याच्या पाव्हण्यांना कोण सांगायचं?"

"त्ये बी मीच सांगतो."

"देवाची उजवी मोडून?"

"व्हय दादा."

जयराज काहीतरी बोलणार होता, पण राहीबाईनं हात वर केला. म्हातारीनं पायाशी पडलेली पाकळी उचलून पदरात बांधली आणि कुणाशी न बोलता गाडीत जाऊन बसली. मानसिंग गाडी चालवत होता, आणि ज्या रस्त्यानं तो डोळे झाकून गेला असता त्या रस्त्यावर आज त्याला वळणं चुकल्यासारखी वाटत होती.

विट्यात नेहमीच्या हाटेलात उतरले. जयराजची गाडी न थांबता पुढं गेली. दीपमाला राहीबाईला हात धुवायला घेऊन गेली, तेवढ्यात मानसिंगनं लेकीला हळूच विचारलं, "दिव्याचं का सांगू दिलं न्हाईस? सोपं झालं असतं."

"सांगितलं असतं तर दिवा हलवून परत कौल लावला असता त्यांनी. मग डावी पडली असती, समजा. मग मी देव म्हणला म्हणून गेले असते." तिनं अजून दमट असलेले केस मागं टाकले. "मला तसं जायचं न्हवतं."

राहीबाई येऊन बसली. पाण्याचा गलास दोन्ही हातांत धरला. मग शिवांजलीकडं न बघता म्हणाली, "आण्णावर गेलीस."

"कशात आज्जी?"

"तो बी असाच म्हणलेला. त्याच देवळात. बहात्तर साली." गलास खाली ठेवला. "कुंडलला जाऊ का म्हणून माझ्या सासऱ्यानं इचारलं, आन डावी पडली."

मानसिंगचा हात कार्डावर थांबला. "डावी? आये, तू तर म्हणतीस आपल्याला कवा..."

"सांगायचं असतं तसं. डावी मोडून आलेली माणसं म्हणून गावात कोण उभं करतंय? तान्हं लेकरू मांडीवर, मी घाबरले. सासरा म्हणला, देवानं न्हाई म्हणलंय, हलायचं न्हाई. तुझा आण्णा म्हणला, देवाला पाणी लागत न्हाई, मला लागतंय. आन गाडी जुपली."

दीपमाला तोंडाला पदर लावून हसली. मानसिंग हसला नाही. तो पुढं वाकला.

"आये, त्या दिवशी दिवा व्हता का गं? कोनाड्यात, जळत?"

"दुष्काळात त्याल कुठलं, मर्दा? माणसांच्या डोक्याला न्हवतं. अंधारातच लावला कौल." मग संशयानं बघत म्हणाली, "का रं?"

"काय न्हाई. उगाच."

मानसिंग मागं टेकला. म्हणजे दिवा नव्हता तर डावी, दिवा होता तर उजवी. पाकळीचं सगळं दिव्यावर होतं. पण गाडी? गाडी जुपली ती कुणी? तिला तर दिवा लागला नव्हता, देवही नव्हता. ती आण्णांनी जुपली. आणि ज्या माणसानं स्वतःसाठी डावी मोडली, त्यानंच मनुबाईसाठी उजवी मोडली नाही. तिला एसटीत बसवली. तोच माणूस, तेच हात. मग एकदा कुठनं आलं ते बळ आणि एकदा कुठं गेलं? आणि आज शिवांजलीत आलं ते आण्णांचं का तिचं? आणि मी मघाशी बोललो ते कुणाचं? मनुबाईसाठी बोलायचं राहिलेलं तर नसेल, तीस वर्षं घशात अडकलेलं? विचार करता करता त्याचा गुडघा टेबलाखाली हलायला लागला आणि गलासातलं पाणी थरथरलं.

"पप्पा," शिवांजली म्हणाली, "पाय."

त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. पोरगी मोबाईल काढून राजस्थानच्या गाडीची वेळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आज्जाबिज्जा काही नव्हता. तिला खिडकीची जागा पाहिजे होती.

"मिरजेतनं हाय," ती म्हणाली. "जाऊ का, बुक करू का, असं इचारत न्हाई मी. करतीय."

"कर," मानसिंग म्हणाला.

वेटर आला. खांद्यावर फडकं, हातात पॅड. त्यानं सवयीनं दीपमालाकडं बघितलं. दीपमालानं सवयीनं तोंड उघडलं, आणि मानसिंगनं तिच्या हातावर हात ठेवला.

"काय आणू?"

मानसिंगनं कार्ड सरळ धरलं. शेजारच्या टेबलावर लोक मिसळ खात होते, वास नाकात येत होता. तो वास येतोय म्हणून मिसळ सांगायची? वास येतोय म्हणूनच नाही सांगायची? फौजेत रोज पुरी-भाजी होती, म्हणून पुरी-भाजी नको का, म्हणूनच हवी? राहीबाई बघत होती, दीपमाला बघत होती. कपाळावर घाम आला, तो त्यानं पुसला नाही.

"सांगतो," तो वेटरला म्हणाला. "जरा दम खा."

वेटरनं पॅड खाली घेतलं आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. मानसिंग कार्ड पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.